पाटी माझी, टेप सरकारची

बेळगावात सध्या कुठेही चार माणसं जमली की दुकानांवरच्या कन्नड पाट्यांचा विषय निघतोच, आणि निघाला की अर्ध्या मिनिटात दोन तट पडतात. एक म्हणतो कर्नाटकात राहायचं तर कन्नड वरती पाहिजेच, त्यात रडायचं काय. दुसरा म्हणतो हा आमच्यावर भाषिक अत्याचार आहे. मग हाच दुसरा माणूस खिशातून मोबाईल काढतो आणि २०२५ मध्ये मीरा रोडला मराठी बोलत नाही म्हणून एका दुकानदाराच्या कानाखाली वाजवली तो व्हिडिओ दाखवत म्हणतो, असंच पाहिजे ह्यांना. आणि पहिला, ज्याला इथली कन्नड सक्ती एकदम रास्त वाटते, तो दिल्लीच्या हिंदी सक्तीचा विषय निघाला की लगेच संविधान उघडून बसतो. थोडक्यात सक्ती बरोबर की चूक ह्यावर कुणी भांडतच नाहीये, पाटीवरची अक्षरं मोजायची टेप कुणाच्या हातात असावी एवढंच भांडण आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढे कुणाला फसवल्यासारखं वाटायला नको. भाषेचं बंधन घालायचंच असेल तर ते सरकारवर घाला, माणसावर नको. सरकारने माझ्याशी मला कळेल अशा भाषेत बोललं पाहिजे, कारण ते माझ्या पैशावर चालतं. घरपट्टी भरताना खिडकीवरचा माणूस तुमची मातृभाषा कुठली असं विचारत नाही, नोटा मोजून घेतो. पण मी माझ्या दुकानावर काय लिहायचं, पोराला कुठल्या माध्यमात घालायचं, कुठला सिनेमा कुठल्या भाषेत बघायचा हे सरकारने सांगायचं काम नाही, संघटनेने तर नाहीच नाही. आणि हे जेवढं बेळगावात खरं तेवढंच दादरला आणि जतलाही खरं. इथपर्यंत आलं की आपल्यातले निम्मे लोक उठून जातात, जाऊ देत.

आधी कायदा काय आहे ते बघू. कर्नाटकात डिसेंबर २०२३ मध्ये बेंगळुरूत कन्नड संघटनांनी इंग्रजी पाट्यांची मोडतोड केली, त्यानंतर सरकारने घाईघाईने अध्यादेश काढायचं ठरवलं, राज्यपालांनी तो परत पाठवला, मग फेब्रुवारी २०२४ मध्ये विधिमंडळात विधेयकच मंजूर करून घेतलं. पाटीवर साठ टक्के कन्नड, आणि तेही वरच्या बाजूला. क्रम लक्षात घ्या, आधी दगड आणि मग कायदा. तोडफोड करणाऱ्यांना जे हवं होतं ते दोन महिन्यांत विधिमंडळातून मिळालं, मग पुढच्या वेळी ते अर्ज कशाला लिहीत बसतील? महाराष्ट्रात २०२२ ला दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, मराठी अक्षर दुसऱ्या कुठल्या भाषेपेक्षा लहान नको असं ठरलं, व्यापारी कोर्टात गेले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना दोन महिन्यांत पाट्या बदला म्हणून सांगितलं. तेव्हा बेळगावातसुद्धा लोकांना आनंद झाला होता. पाच महिन्यांनी तीच औषधाची बाटली कन्नड लेबल लावून आपल्या घशात ओतली गेली तेव्हा मात्र चव कळली.

बेळगावच्या शहापुरात एका फ्लेक्सवाल्याकडे उभा होतो तेव्हा एका लेडीज टेलरच्या बोर्डचं काम चाललं होतं. बोर्ड दहा बाय तीनचा. तीन फुटाचे साठ टक्के म्हणजे पावणेदोन फुटाच्या वर जागा कन्नडला गेली, उरलेल्या सव्वा फुटात मराठी, इंग्रजी, फोन नंबर, ‘फॉल पिको करून मिळेल’ आणि गणपती एवढं सगळं बसवायचं. पोरगं कन्नड नुडीत टाईप करत होतं, मराठी श्रीलिपीत, आणि दर दोन मिनिटाला कन्नड अक्षरं माऊसने उभी ताणत होतं, इतकी ताणली की ती कन्नडवाल्यालाही धड वाचता येणार नाहीत. मी म्हटलं, हे काय? तर म्हणतो, “काय करूया मामा, नजरेनं बघत नाहीत ओ, टेप लावूलालेत.” त्या टेलरबाईंकडे येणारं सगळं गिऱ्हाईक त्याच गल्लीतलं, त्यातल्या निम्म्या बायकांनी तो बोर्ड कधी मान वर करून वाचलाही नसेल. ह्यात कन्नडचं नेमकं काय भलं झालं? एक ताणलेलं अक्षर वाढलं आणि एका बाईचे चार पैसे विनाकारण गेले. स्वराज्य मागणारी होमरूल लीग टिळकांनी १९१६ साली ह्याच गावात सुरू केली होती हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो, आणि त्याच गावात आता माणसाला स्वतःच्या दुकानाचं नाव इंचात मोजून द्यावं लागतंय.

ह्या उलट खडेबाजारात जाऊन कुठल्याही कापडाच्या दुकानात पाच मिनिटं नुसतं बसा. बैलहोंगलचं गिऱ्हाईक आलं की मालक कन्नडमध्ये, चंदगडचं आलं की मराठीत, गोव्याची बाई आली की मोडकंतोडकं का होईना कोकणीत, कॅम्पातलं आलं की हिंदीत. हे त्याला कुठल्या प्राधिकरणाने शिकवलेलं नाही. गिऱ्हाईक परत जाऊ नये एवढ्यासाठी तो चार भाषा शिकला, आणि अशा शिकण्यात कुणाबद्दल राग नसतो. सक्तीने शिकलेल्या भाषेबद्दल मात्र राग हमखास असतो. आमच्या पिढीतल्या कितीतरी मराठी पोरांना कन्नड चांगलं येतं पण बोलायला नको वाटतं, ह्याचं कारण कन्नड नाही, ती ज्या तोऱ्यात समोर आली तो तोरा आहे.

आता समोरच्यांचे मुद्दे. ते फालतू नाहीत, त्यामुळे नीट घेतले पाहिजेत.

पहिला मुद्दा असा की बाजारावर सोडलं तर बाजार इंग्रजीचीच बाजू घेणार, मॉलमध्ये कन्नडही दिसणार नाही आणि मराठीही, मग मोकळीक मोकळीक करत आपण दोन्ही भाषा गमावून बसू. हे बऱ्यापैकी खरं आहे. बेंगळुरूत कन्नड माणसाला स्वतःच्या राजधानीत परकं वाटतं ही काही नाटकी तक्रार नाही, आणि मुंबईतल्या मराठी माणसाला तर हे सांगायलाच नको. पण मग हेही विचारा की एवढी वर्षं पाट्यांची सक्ती, माध्यमाची सक्ती, नोकरीत अटी हे सगळं करून इंग्रजी थांबली का? कर्नाटक सरकारने १९९४ च्या धोरणात पहिली ते चौथी मातृभाषेत किंवा कन्नडमध्येच शिकवायचं ठरवलं होतं. झालं काय, तर कागदावर कन्नड माध्यम आणि वर्गात इंग्रजी अशा शाळा निघाल्या, सगळ्यांना माहीत, सगळे गप्प. शेवटी ६ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलं की मुलाने कुठल्या माध्यमात शिकायचं हे सरकार लादू शकत नाही, तो निवडीचा हक्क पालकाचा. हा निकाल कर्नाटक सरकारच्या विरोधात लागला म्हणून आपल्याकडे काही जणांनी आनंद केला. पण त्याच निकालाने मराठी शाळेतून पोरगं काढून कॉन्व्हेंटमध्ये घालणाऱ्या मराठी बापालाही हक्क दिलाय हे कुणी बोललं नाही. काळ्या दिनाला, म्हणजे १ नोव्हेंबरच्या निषेधाच्या दिवशी, सायकल फेरीत पुढे असलेल्यांची नातवंडं कुठल्या माध्यमात शिकतात हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मी त्यांना दोष देत नाही, तो त्यांचा हक्कच आहे. फक्त मग शेजाऱ्याच्या निवडीवर त्यांनी भाषण देऊ नये.

महाराष्ट्राचंच ताजं उदाहरण घ्या. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची तिसरी भाषा केल्यावर सगळा मराठी मुलूख पेटून उठला आणि २९ जूनला सरकारला जीआर मागे घ्यावे लागले. तेव्हा जो युक्तिवाद केला गेला, की लहान पोरांवर भाषा लादू नका, घरच्यांना ठरवू द्या, तो शब्द न शब्द बरोबर होता. मग तोच युक्तिवाद शिनोळीची हद्द ओलांडून बेळगावात आला की बरोबर आणि पुण्यात पाटीच्या बाबतीत चूक, असं कसं काय?

दुसरा मुद्दा, पाटी ही खाजगी नसते, ती रस्त्यावर लागते, रस्ता सगळ्यांचा. ह्यात थोडं तथ्य आहे. औषधाच्या बाटलीवरची सूचना, गॅसचा धोका, हॉस्पिटलमध्ये आयसीयू कुठे, बस कुठे जाते, हे लोकांना वाचता आलंच पाहिजे, आणि तिथे स्थानिक भाषेची अट घातली तर मी विरोध करणार नाही. पण दुकानाचं नाव ही सूचना नाही. ते न कळाल्याने कुणाचा जीव जात नाही, फार तर दुकानदाराचं गिऱ्हाईक जातं, आणि ती काळजी त्याला सरकारपेक्षा जास्त आहे.

तिसरा मुद्दा सगळ्यात जड, आणि तो आपल्याच लोकांकडून येतो. म्हणतात, हे स्वातंत्र्याचं तत्त्वज्ञान बहुसंख्यांना परवडतं, आपण सीमाभागात अल्पसंख्य, आपल्याला सरकारी संरक्षण नसतं तर मराठी कधीच संपली असती. हे ऐकून मी बराच वेळ विचार केला. पण संरक्षण म्हणतात ते नेमकं काय आहे ते संविधानातली कलमं काढून बघा. कलम २९ आणि ३० म्हणतात की अल्पसंख्याकांना आपली भाषा जपायची, आपल्या शाळा काढायची मुभा आहे, म्हणजे सरकारने मध्ये येऊ नये. ३५० अ म्हणतं की प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची सोय राज्याने करावी, म्हणजे काम सरकारच्या गळ्यात. १९५६ सालीच ठरलेलं आहे की एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्य १५ टक्के किंवा जास्त असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या. ह्यात एकही ओळ अशी नाही की शेजाऱ्याने मराठीत बोललं पाहिजे. जे आपल्याला वाचवतं ते सगळं सरकारचे हात बांधणारं आहे, आणि आपण मात्र मुंबईत सरकारचे हात मोकळे सोडा म्हणून ओरडतो. उद्या कर्नाटकचा वकील कोर्टात उठून म्हणाला की महाराष्ट्र तेच करतोय ते आम्ही इथे केलं तर काय बिघडलं, तर आपल्याकडे उत्तर काय आहे?

आंबेडकरांनी १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर लिहिताना हीच धास्ती बोलून दाखवली होती की अशा राज्यात बहुसंख्यांच्या हाती सगळं जाईल आणि छोट्या गटांचं काय होईल. भाषावार राज्यं चूक होती असं मी म्हणत नाही. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तेव्हा मागणी साधी होती, कचेरी आणि कोर्ट शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत चालावं, आणि ती शंभर टक्के लोकशाहीची मागणी होती. पण राज्य मिळालं की राज्यकर्त्यांना वाटायला लागलं भाषा आपल्या मालकीची झाली, आणि मग कचेरीने लोकांची भाषा बोलायच्या ऐवजी लोकांनी कचेरीची भाषा बोलायची असं उलटं सुरू झालं. जत आणि अक्कलकोटच्या कन्नड गावांना हे महाराष्ट्रात सोसावं लागतं, आपल्याला इथे. त्यांच्याबद्दल बेळगावात कुणी अवाक्षर काढत नाही हे मला फार खटकतं.

सिनेमाकडे वळतो, कारण तिथे हा वेडेपणा सगळ्यात उघडा पडतो. मे २०२५ मध्ये कमल हासन म्हणाले की कन्नड तमिळमधून जन्मली. विधान चुकीचं धरा, भाषाशास्त्रवाले त्यांना झोडपायला समर्थ आहेत. पण कर्नाटकातलं फिल्म चेंबर, म्हणजे सिनेमावाल्यांची संघटना, म्हणालं माफी मागेपर्यंत ‘ठग लाइफ’ लागू देणार नाही, थिएटर जाळायच्या धमक्या आल्या, आणि हायकोर्टात तर त्यांनाच विचारलं गेलं की माफी का मागत नाही. शेवटी जूनमध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की जमावाच्या भीतीने सर्टिफिकेट मिळालेला सिनेमा अडवता येत नाही. हेच कोर्टाने १९८९ मध्ये रंगराजन खटल्यात सांगितलेलं होतं. आता आपल्याकडे बघा, ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेत घुसून जुनी कागदपत्रं फोडली फाडली ती कुणी परप्रांतीयाने नव्हे. अस्मिता दुखावली की दोन्हीकडचे हात सारखेच चालतात.

त्याहून मजेशीर गोष्ट डबिंगची. कर्नाटकात काही दशकं दुसऱ्या भाषेतला सिनेमा कन्नडमध्ये डब करायला अघोषित बंदी होती, चेंबरवाले आणि कलाकार मंडळी म्हणायची की ह्याने कन्नड सिनेमा बुडेल. २०१२ मध्ये ‘सत्यमेव जयते’ हा टीव्ही कार्यक्रम बाकी भाषांत डब होऊन लागला पण कन्नडमध्ये लागू दिला नाही. म्हणजे कन्नड प्रेक्षकाला कन्नडमध्ये बघायचंय आणि कन्नडचे रक्षक सांगतायत, नको, हिंदीत बघ! शेवटी कन्नड ग्राहकांच्याच एका संघटनेने तक्रार केली आणि २०१५ मध्ये स्पर्धा आयोगाने चेंबरला दंड केला. पुढे २०१८ मध्ये ‘केजीएफ’ आणि २०२२ मध्ये ‘कांतारा’ हे कन्नड सिनेमे डब होऊन देशभर धावले. दुसऱ्यांनी दारं उघडी ठेवली म्हणून हे झालं. महाराष्ट्रात २०१५ ला मल्टिप्लेक्सला मराठीसाठी प्राइम टाइमची सक्ती करायचं ठरलं, त्यावर एका लेखिकेने टोमणा मारला तर तिच्या घरासमोर वडापाव घेऊन मोर्चा गेला आणि वर हक्कभंगाची नोटीस. पुढच्याच वर्षी ‘सैराट’ आला तेव्हा लोकांना थिएटरात कुणी ओढून न्यावं लागलं नाही, कन्नडवाल्यांनी तर २०१७ मध्ये त्याचा रिमेक पण केला. (कर्नाटकाने सप्टेंबर २०२५ मध्ये तिकिटाला दोनशे रुपयांची मर्यादा घातली आणि हायकोर्टाने काही दिवसांत स्थगिती दिली, ती वेगळीच कथा. सरकारला सिनेमाबद्दल एवढं प्रेम का, कळत नाही.)

आपण भाषेच्या नावाने भांडत राहिलो की सरकार निवांत असतं. निपाणीची गोष्ट आठवा. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बेंगळुरू हायवेवर बसले. निपाणी म्हणजे सीमा चळवळीचा गड, पण त्या रस्त्यावर भावाची लढाई होती, कुणाच्या घरात कुठली भाषा हा प्रश्नच नव्हता, ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा दोन्ही भाषांत तितकीच कळते. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकऱ्यांचे बळी गेले. आता २०२३ मध्ये या. सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने, म्हणजे आपण ज्यात जायला एवढी वर्षं झगडतोय त्या सरकारने, ऊस परराज्यात न्यायला बंदी घातली. कागल, गडहिंग्लज, चंदगडच्या शेतकऱ्याला बेळगाव जिल्ह्यातला कारखाना जास्त भाव देत असेल तरी त्याने घालायचा नाही, का तर महाराष्ट्रातल्या कारखान्यांना ऊस कमी पडेल. शेतकरी भडकले आणि काही दिवसांत आदेश मागे घेतला. तो शेतकरी मराठी होता, सरकार मराठी होतं, आदेश शुद्ध मराठीत होता. गळा मात्र आवळायचा तो आवळलाच.

फेब्रुवारी २०२५ ची बसची भानगड ह्याच चष्म्यातून बघा. बेळगाव तालुक्यात कंडक्टरला मराठी येत नाही म्हणून मारल्याचा आरोप झाला, उलट बाजूने त्याच्यावरही तक्रार झाली, मग चित्रदुर्गला महाराष्ट्राच्या एसटीच्या ड्रायव्हरला काळं फासलं, दोन्हीकडच्या गाड्या बंद. खरं काय घडलं ते कोर्ट बघेल. कंडक्टर हा सरकारची खिडकी आहे, तेव्हा ह्या भागातल्या रूटवर तिकिटापुरती मराठी येणारा माणूस द्या अशी मागणी महामंडळाकडे करायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. पण तो हक्क महामंडळावर आहे, पगारासाठी काम करणाऱ्या त्या माणसाच्या गालावर नाही. तसंच चित्रदुर्गच्या त्या ड्रायव्हरचं. आणि अडकलं कोण? चंदगडकडून रोज येणारी कॉलेजची पोरं आणि पेशंट.

भाषा टिकते कशाने ह्याचं उत्तर आपल्याच तालुक्यात आहे, आपण त्याकडे बघत नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर ह्या गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात, गावकरी वर्गणी काढतात, पाहुण्याला घरी उतरवतात, ग्रंथदिंडीत म्हाताऱ्या बायका डोक्यावर पुस्तकं घेऊन चालतात. १८४८ पासूनचं सार्वजनिक वाचनालय इथे आहे. ह्यातलं काहीही कायद्याने चालत नाही. उलट सरकार इथे फक्त आडवं येतं, येळ्ळूरला २०१४ मध्ये ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेली गावाची पाटी काढायला पोलीस आले आणि लाठीमार झाला, डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या खासदाराला जमावबंदीच्या नावाखाली बेळगावात यायला बंदी केली. भारताच्या नागरिकाला भारतातल्या गावात यायला परवानगी लागते, ह्यावर भांडा की! हा साठ टक्क्यांपेक्षा कितीतरी मोठा मुद्दा आहे आणि ह्यात धारवाडचा एखादा विचारी कन्नड माणूसही आपल्या बाजूने उभा राहील, कारण उद्या त्याच्यावरही हीच वेळ येऊ शकते.

सुप्रीम कोर्टात २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा पडून आहे, तो कधी सुटेल ते सुटेल. तोपर्यंत पुढच्या वेळी डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला निवेदन घेऊन जाल तेव्हा त्यात दोनच गोष्टी लिहा. एक, उतारे, नोटिसा आणि घरपट्टीची बिलं कन्नडबरोबर मराठीत द्या, हा आमचा हक्क आहे. दोन, खाजगी पाटीवरची भाषेची अट काढा, कुठल्याही भाषेची. आणि त्याच निवेदनाची एक झेरॉक्स, फक्त दुसऱ्या कलमावर खूण करून, मुंबईला मंत्रालयात टाका.